वजनाचा आकडा वर्गासमोर ओरडू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी दोन मुलं, स्वयंपाकघर एकच. थोरला डब्यातली अर्धी पोळी रोज परत आणतो. धाकटी नऊ वर्षांची. पोटभर जेवून उठली तरी शेजारच्या खोलीत कुणी फरसाणाची पुडी फोडली की तिला बरोबर ऐकू जातं.

जुलैत तिच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलं रांगेत, पुढे काटा, आणि पलीकडे वही घेऊन बसलेल्या बाईंना ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्याने: "एक्केचाळीस किलो दोनशे!" मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. वर सल्लाही तिलाच, "बाळा, तोंडावर ताबा ठेव." तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत डबा जिन्याखाली बसून खाते.

हा 'ताबा' मला पटत नाही. २००७ साली एफटीओ या जनुकाचं एक रूप वजनाशी जोडलेलं आढळलं. आई आणि वडील दोघांकडून ते आलेल्या युरोपीय प्रौढांचं वजन, ते अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त भरलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये मुलांपुढे पदार्थ मांडून हवं ते खाऊ दिलं. हे रूप असलेल्या मुलांची शरीरं ऊर्जा कमी जाळत नव्हती. त्यांचा हात जास्त उष्मांकाच्या पदार्थांकडे जात होता, एवढाच फरक. पोट भरल्याचा निरोप मेंदूला किती ठळक पोचतो आणि गोड-तळलेलं दिसल्यावर मेंदूतली डोपामिनची (हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाची) यंत्रणा 'आणखी एक' असं किती जोरात म्हणते, हे माणसागणिक वेगळं असतं.

इंग्लंडमधली एक मुलगी, हीसुद्धा नऊ वर्षांची, ९४ किलोंची होती. जनुकातल्या दोषामुळे तिच्या शरीरात भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक बनतच नव्हतं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली आणि वर्षभरात १६ किलो वजन उतरलं. तिला ताबा कुणी शिकवला नव्हता. असा दोष अत्यंत दुर्मिळ, माझ्या लेकीला तो नाही. पण भुकेची सूत्रं कुठून हलतात, ते त्यातून लख्ख दिसतं.

तरी जनुकं म्हणजे सटवाईचा लेख नव्हे. दोन लाखांहून जास्त प्रौढांच्या माहितीचं २०११ साली विश्लेषण झालं, त्यात शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. (आमच्याकडे पीटीचा तास गणिताने गिळलाय, ते असो.)

आणि काट्याचं तरी किती ऐकायचं? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, त्या गोऱ्या गृहस्थांच्या अंगात ९.१. म्हणजे रांगेतल्या ज्या किडकिडीत पोराला शाबासकी मिळाली, त्याचंही पुढे काय होईल ते काट्याला ठाऊक नाही.

पदार्थांत तेल-साखर किती ते सांगणारे फलक लावायची मोहीम निघाली, चांगलं झालं. पण फलक भिंतीवर उंच, आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा नेमक्या नऊ वर्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी पावलं मोजली, सतरा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाची, ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत मात्र एकाच टेबलाशी बसता ना?

तुमच्या हातातलं एक सांगते. पुढची तपासणी जानेवारीत आहे. वजन पडद्याआड करावं, आकडा बोलू नये, लिहावा आणि पालकांनाच द्यावा, एवढं परिपत्रक त्याआधी निघू दे. त्याला निधी लागत नाही. पडद्याला जुनी चादर मी देते.

आपली,
दोन मुलांची आई, सासवड