क्लच वायर सारखी सैल होतेय? नट आवळत बसू नका

संपादक महोदय,
तुमच्या गाड्यांच्या पानावर नव्या मॉडेल्सचंच सगळं असतं, जुनी गाडी जपून चालवणाऱ्यांसाठी कधी काही येत नाही, म्हणून हे लिहितेय.

माझ्या गाडीला केबलचा क्लच आहे. क्लच पूर्ण दाबला तरी रिव्हर्स टाकताना खर्रर्र व्हायला लागलं, गॅरेजमध्ये म्हणाले वायर ताणलीये, गिअरबॉक्सकडचा नट आवळून दिला, गाडी मस्त. आठ दिवसांत परत तेच, परत आवळला. तिसऱ्यांदा गेले तर म्हणे आता क्लच प्लेटच गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला ते पटेना. घरी येऊन टॉर्च घेतला, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बघते तर वायर पेडलला जिथे अडकते तिथे तिच्या बारीक तारा एकेक करून तुटलेल्या, झाडूच्या हिरांसारख्या बाहेर आलेल्या, चार-पाच तारांवर सगळा भार. नवीन वायर टाकली, काम झालं. भर रस्त्यात तुटली असती तर काय झालं असतं, विचार करा.

प्लेट झिजते तेव्हा खरं तर उलटं होतं, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीचा जो मोकळा भाग असतो तो, वाढत नाही तर कमी होत जातो. तो अजिबात उरला नाही की रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला सतत टेकून फिरतं, क्लच स्लिप होतो, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. अशा वेळी नट आवळायचा नाही, सैल करायचा, हे इतक्या जणांना माहीतच नसतं!

पेडलशेजारी पट्टी उभी धरा, बोटाने पेडल दाबा आणि जड लागेपर्यंत किती खाली गेलं ते मोजा. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते १५ ते २५ मिमीच्या आसपास येतं, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा, कारण काही गाड्यांत वायर आपोआप अॅडजस्ट होते, तिथे हे लागू नाही. लॉक नट, म्हणजे अॅडजस्टिंग नट हलू नये म्हणून त्याला लागून असतो तो, आधी ढिला करा, अॅडजस्टिंग नट थोडा थोडा फिरवा, दर वेळी पेडल चार-पाच वेळा मारून परत मोजा, शेवटी लॉक नट आवळायला विसरू नका.

आणि नवी वायर टाकूनही फ्री प्ले टिकत नसेल तर एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून बघा, वायर जिथून आत जाते तो पत्रा हलतोय का. जुन्या गाड्यांत तो पत्रा तडकतो, मग नट कितीही फिरवा, उपयोग नाही, तो वेल्ड करूनच घ्यावा लागतो.

- एक वाचक