सोळापैकी नऊ

पुणे, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बंड्या,

तीन वर्षांत पत्र नाही, दिवाळीला एक दिव्याचं चित्र पाठवलं की संपलं. आळस, दुसरं काय. थोडा रागही होता. "तुझे कान नाही, तुझं पाकीट ऐकतंय" हे चारचौघांत बोललास, ते विसरलेलो नाही. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, साखर काठावर. तर ते राहू दे.

परवा हिने माळा काढायला लावला आणि जुन्या गाद्यांमागे तुझा थर्टी फिफ्टी-फाइव्ह ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प सापडला. तोच, पासोड्या विठोबाजवळून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणलेला, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा. मला वाटायचं भंगारात गेला. मनूने तो पुसला, माझ्या स्पीकरना जोडला, माझा महागडा डीएसी, म्हणजे फायलीतल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, बाजूला ठेवून फोनला तेच काम करणारी ती नऊशे रुपयांची शेपटी लावली आणि मालकंस चालू केला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. तिथूनच ओरडलो, "बघ, याला म्हणतात डीएसी! तानपुरा कसा सुटा झालाय!"

हस. हसून झालं की पुढे वाच, कारण पुढे हसण्यासारखं नाही.

त्या रात्री झोप नाही. सकाळी मनूला बसवलं आणि तू १९९४ पासून जे कर म्हणत होतास ते केलं. एका बाजूला माझा बेचाळीस हजारांचा डीएसी, दुसऱ्या बाजूला ती शेपटी, अ‍ॅम्प एकच, माझा. साध्या मीटरला हजार हर्ट्झचं एसी धड वाचता येत नाही हे तुझंच, म्हणून शंभर हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्ट मोजले. तिथेच पोटात गोळा आला. डीएसी दोन व्होल्ट बाहेर टाकतो, शेपटी एक. म्हणजे सरळ सहा डेसिबलचा फरक! अर्धा डेसिबल चढा असला तरी माणूस "मोठा" म्हणत नाही, "खुलला" म्हणतो. मी सहा डेसिबल चढा ऐकवून "पडदा बाजूला झाला" म्हणत होतो, बंड्या. इतकी वर्षं, दर शनिवारी, आठ-दहा जणांसमोर.

मग डीएसीच्या नॉबने दोन्ही समान केले. मनू पाठमोरी, नाणं उडवून निवड करतेय, मी डोळे मिटून. सोळा वेळा. बारा बरोबर आले असते तर काहीतरी ऐकू येतं असं म्हणता आलं असतं. आले नऊ. नाण्याने स्वतःच उत्तरं दिली असती तरी आठ आली असती.

वर मनूने फोनवर चढता सूर लावला. सोळा हजार हर्ट्झला ती कानावर हात ठेवून "बाबा, बंद कर" म्हणाली. मला अकरा हजारांच्या पुढे शांतता. आणि मी, ज्याचं दुकान अकराला बंद होतं, तो ९६ किलोहर्ट्झच्या फायलींसाठी भांडत होतो, ज्यात ४८ हजारांपर्यंतचा माल असतो! मागच्या महिन्यात एकाने लाखेच्या जुन्या तबकडीची २४ बिट १९२ ची फाइल आणली. सुईची खरखर २४ बिटांत ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सर्वांत जोरात.

२००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी हेच तपासलं होतं. भारी रेकॉर्डिंग एकदा तसंच, एकदा मध्ये सीडीचे १६ बिट ४४.१ घालून ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. तू त्याची झेरॉक्स पाठवली होतीस. मी न वाचता तिच्यावर सोल्डरिंगचं कथील सांडलं. "डिजिटलमध्ये पायऱ्या असतात" हेही मीच म्हणायचो, आणि तू ऑसिलोस्कोपवर गुळगुळीत लहर दाखवलीस तेव्हा तुझ्या स्कोपला नावं ठेवली.

मात्र घरात थोडेच वॅट पुरतात या तुझ्या म्हणण्यात तू अर्धाच बरोबर, हे लिहून ठेव. नेहमीच्या आवाजात स्पीकरवर दोन व्होल्ट भरले. आठ ओहमला अर्धा वॅट! तेवढ्यावर तू विजयोत्सव केला असतास. पण तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर गेली की शंभरपट लागतात, म्हणजे पन्नास वॅट. तुझा वीस वॅटचा डबा तिथे डोकं आपटणारच. (आपटलेलं मला ऐकू आलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता खरं सांगतो, पत्र कशासाठी. वरच्या मजल्यावरचा ओंकार तुला माहीत नाही. पहिली नोकरी, दहा बाय बाराची खोली. माझ्याकडे ऐकून त्याने तोच डीएसी घेतला, पहिला बोनस अख्खा घालून. माझ्याकडे कसं ऐकलं, ते वर लिहिलंच आहे. आता तो दोनशे वॅटचा पॉवर अ‍ॅम्प घेतोय, अठरा हप्त्यांवर. आहे तो शंभरचा. शंभराचे दोनशे म्हणजे तीन डेसिबल. दुप्पट मोठं वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे हजार वॅट. त्याच्या खोलीत सरासरी पाचही लागत नाहीत, आणि थापेला आहेत ते शंभर पुरतात. पुढच्या रविवारी टोकन द्यायला मला बरोबर चल म्हणतोय, "काका, तुमचे कान हवेत."

माझे कान!

सांगितलं तर अ‍ॅम्प वाचेल. पण डीएसीचंही सांगावं लागेल. आणि तो पोरगा रात्री दिवे मालवून ऐकतो, दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून काय काय ऐकू आलं ते सांगतो. त्याला ऐकू येतंय रे. ते मी काढून घेऊ? हिला विचारलं तर म्हणाली, "तुमची अब्रू वाचवताय की त्याचा आनंद, ते आधी ठरवा." तू असतास तर पाकिटावर काहीतरी बोलला असतास. बोल. या वेळी ऐकेन.

निशाचं बाळंतपण नीट झालं ना? आईंना नमस्कार. नाशिकचं घर विकलंस की नाही, तेही कळव.

आणि हो, तुझ्या अ‍ॅम्पचा उजवा चॅनेल करकरतो. आत पेचकसाने फिरवायचे दोन प्रीसेट आहेत, कुठल्यावर काय लिहिलं होतं ते पुसलं गेलंय. बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारा, कुठला? चुकीचा फिरवला तर ट्रान्झिस्टर जातील, आणि रविवारच्या आत मला तो ओंकारच्या खोलीत न्यायचाय. मीटरही घेऊन जाणार आहे. पुढचं तिथे गेल्यावर. फोन कर.

तुझा,
पक्या