मनूस, बेल्जियमला निघण्याआधी

राजेंद्रनगर, इंदूर

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

रक्ताचा रिपोर्ट मिळाला. फोटोत कोपरा कापला गेलाय, तरी आकडा वाचता येतो. फेरिटिन 11. हिमोग्लोबिन 12.4 आहे म्हणून तू खाली "बाकी नॉर्मल" लिहून मोकळी झालीस. बाई गं, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. आधी लोहाचा साठा संपतो, आणि फेरिटिन म्हणजे तो साठाच. मंदाआत्याला जे सांगितलंस ते मला का नाही सांगितलंस, हे मी विचारणार नाही. चार महिने पाळी नाही, एवढं मला कळलंय. असो.

खरं तर हे पत्र सामान आणि सायकल टीमच्या काँट्रॅक्टबद्दल लिहायचं ठरवलं होतं. आधी तेच लिहिते.

वर्ल्ड टीम म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची टीम. तिथल्या मुलींना किमान पगार द्यायचं बंधन यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, 2020 पासून घातलं. तुझी टीम काँटिनेंटल, म्हणजे खालच्या दर्जाची आहे, तिला ते लागू नाही. त्यामुळे कागदावर लिहिलंय तेवढंच आपलं. तिकीट कोण काढणार, घरभाडं कोण भरणार, फ्रेम तडकली तर कोणाच्या खात्यात, हे नीट वाच. आणि मुख्य म्हणजे पडलीस तर हॉस्पिटलचा आणि घरी परत आणायचा खर्च विम्यात आहे का ते बघ. रेसमधली पडझड बऱ्याच साध्या प्रवासी विम्यांतून वगळलेली असते. शेन्गेनचा हिशोब 180 दिवसांत 90 असा आहे. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. दादाने तक्ता करून दिलाय तो बॅगेत ठेव, नुसता फोनमध्ये नको.

बाबांचा निरोप ट्रॅकच्या, म्हणजे बंद रिंगणातल्या शर्यतीच्या, सायकलबद्दल आहे. विमानप्रवासानंतर चाक बसवलंस की आधी लॉकरिंग हुक स्पॅनरने तपासायची. कॉगचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, आटे सुलटे आणि लॉकरिंगचे उलटे असतात. ब्रेक नसल्यामुळे पेडलवर मागे जोर देऊन वेग कमी करतेस, तेव्हा कॉग सुटायच्या दिशेने ओढला जातो आणि लॉकरिंग त्याला अडवते. ती सैल असली तर ट्रॅकच्या 42 अंशांच्या तिरक्या वळणावर पाय मोकळा फिरेल. चेनची ढिलाई मधोमध साधारण एक सेंटिमीटर हवी. ती पेडल फिरवत फिरवत, चेन जिथे सगळ्यात घट्ट होते तिथे मोजायची, कारण चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, अगदी गोल कधीच नसते. पंधराचा पाना मोज्यात गुंडाळून दिलाय. हे सगळं तुला माहीत आहे हे बाबांनाही माहीत आहे, तरी त्यांनी दोनदा लिहायला लावलं.

गिअरचं मात्र माझं म्हणणं ऐक. तुझ्या 51-14 ला (पुढे 51 दाते, मागे 14) पेडलच्या एका फेरीत साधारण 7.6 मीटर जातात, म्हणजे मिनिटाला 110 फेऱ्यांच्या लयीत ताशी 50 किलोमीटर. पॉइंट्स रेसला ते पुरतं. 2025 पासून बायकांची परस्यूट, म्हणजे एकटीने वेळेसाठी मारायची शर्यत, 3 ऐवजी 4 किलोमीटरची झाली आहे, त्यामुळे तिकडे कोणीतरी मोठा गिअर लाव म्हणणारच. लाव ना. पण मोठा गिअर ओढायला मांडीत स्नायू लागतो, स्नायूला अन्न लागतं, आणि इथे मी पुन्हा त्याच जागी आले.

हिशोब करून बघू. वजन 54, त्यातलं चरबी सोडून सुमारे 45 किलो. सरावाचा खर्च वजा करून दर किलोला 45 कॅलरी उरल्या पाहिजेत, म्हणजे 2025. चार तासांच्या राइडला तुझ्या पॉवर मीटरवर 2300 किलोज्यूल दिसले होते. पेडलपर्यंत शरीराच्या खर्चातला साधारण चौथाच हिस्सा पोचतो, आणि एका कॅलरीत चारच्या वर किलोज्यूल असतात, म्हणून मीटरवरचा आकडा तसाच कॅलरी म्हणून धरायचा. म्हणजे त्या दिवशी 4300 च्या आसपास खायला हवं होतं. तू फोनवर सांगितलेलं जेवण मी जोडलं, ओढूनताणून 3200 झालं. उरले 900, म्हणजे दर किलोला 20. तिशीच्या खाली गेलं की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं आणि त्यात पाळीचा नंबर फार लवकर येतो. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस, म्हणजे खेळाडूला पडणारी ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. कॅम्पमध्ये तुम्ही मुली "बरंच झालं, कटकट गेली" म्हणता. मनू, ही फिटनेसची खूण नाही.

त्यात सायकलिंगमध्ये हाडांवर आदळआपट होत नाही, म्हणून धावणाऱ्या मुलीइतकी ती मुळात घट्ट होतच नाहीत. आणि पडायचं मात्र आपल्यालाच असतं. एलिमिनेशन शर्यतीत दर दोन फेऱ्यांना शेवटची बाहेर. तळाला अडकलेली मुलगी वर जायला फट शोधते तिथेच चाकं भिडतात. चांगलं हाड असलं तर गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, दीड-दोन महिन्यांत जुळतं. विरळ हाडाचं काय होतं ते लिहीत नाही.

लेक्चर झालं. राग मानू नकोस. तू तेरा वर्षांची असताना जानापावच्या शेवटच्या चढावर मागून टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी तू पाय टेकला नाहीस. वर पोचून उलटी केलीस आणि लगेच विचारलंस, "महूची कचोरी मिळेल का?" तुला तेव्हा भूक कळत होती. सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर सराव करून आलीस की पोह्यांची परात रिकामी करायचीस, वर शेव, वर जिलबी, आणि आज्जी म्हणायची, ही सासरी उपाशी राहणार नाही. आता घरी येतेस आणि पोळी अर्धी मोडून ठेवतेस.

2025 ची टूर द फ्रान्स फाम, म्हणजे बायकांची टूर, पोलिन फेराँ-प्रेव्होने जिंकली आणि नंतर तिच्या उतरवलेल्या वजनावर किती चर्चा झाली, ती तू वाचली असणार. मला त्याच टूरचा पहिला दिवस जास्त आठवतो. तो स्टेज मारियान व्होसने जिंकला, वयाच्या 38 व्या वर्षी. 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचं सुवर्ण, 2012 ला लंडनमध्ये रोड रेसचं, आणि 2025 मध्ये अजून पुढेच. ट्रॅक आणि रोड दोन्ही करायचं म्हणतेस ना? मग एवढी वर्षं टिकायचं असं धरून शरीर राख.

आता करायचं काय ते. दिल्ली सोडण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, नुसत्या टीमच्या फिजिओकडे नको. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि हाडांचा डेक्सा (हाडं किती घट्ट आहेत ते दाखवणारा स्कॅन) करून घे; पाळी थांबायला दुसरी कारणंही असू शकतात. कोणी पाळी आणायची गोळी दिली तर ती कशाला ते विचार, कारण गोळी थांबवल्यावर येणारा रक्तस्राव म्हणजे खरी पाळी नव्हे. उलट त्याने दुखणं झाकलं जातं. लोहाची गोळी डॉक्टर देतील तेवढीच. बऱ्याचदा एक दिवसाआड घेतली की जास्त शोषली जाते. सकाळी सरावाआधी घे, संत्र्याबरोबर, आणि चहा तासाभराने. कडक सरावानंतर काही तास आतडं लोह नीट घेत नाही.

राइडवर तासाला 60 ग्रॅम साखर-पिष्ट, लांब रेसला 90. पण 90 ला ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज हवं, नुसत्या ग्लुकोजने पोट बिघडतं, आणि त्याचीही सवय सरावात करायची, रेसच्या दिवशी नाही. चिकट तांदूळ तिकडे मिळेल. थोडा गूळ आणि मीठ घालून वड्या थाप, फॉइलमध्ये गुंडाळ. मेतकूट, राजगिऱ्याच्या वड्या आणि दोन किलो पोहे दिलेत. पोहे वाटून टाकू नकोस.

वजनकाटा नेऊ नकोस. बाबांनी तो तुझ्या पेटीत ठेवला होता, मी काढून घेतलाय.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरची तारीख ग्रुपवर टाकू नकोस, आज्जी वाचते. मला वेगळी पाठव, आणि शुक्रवारच्या आत.