जुने बिझनेस जेट : तासांपेक्षा नोंदी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वापरलेल्या लांब पल्ल्याच्या बिझनेस जेटच्या खरेदीवरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्यात ‘कमी तास उडालेले विमान’ हाच जवळजवळ एकमेव निकष धरला आहे. विमानांच्या देखभालीत उमेदीची सारी वर्षे घालवल्यामुळे मला त्यावर लिहिणे भाग वाटते.

विमानाची देखभाल उड्डाणाचे तास, उड्डाण व अवतरणाच्या सायकली (एक उड्डाण आणि एक अवतरण मिळून एक सायकल) आणि कॅलेंडर अशा तिन्हींवर ठरते. दसॉ फाल्कन ७एक्स या बिझनेस जेटची मोठी ‘सी’ तपासणी ४,००० तासांनी किंवा ९६ महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी लागते. म्हणजे विमान हँगरमध्ये उभे राहिले, तरी ही तपासणी चुकत नाही. उलट उभ्या विमानाची रबरी सीले सुकतात, इंधनटाकीत पाणी साचते आणि गंज निवांतपणे वाढतो. विक्रेता घाईत असेल, तर ही महागडी तपासणी किती महिन्यांवर आली आहे, हे आधी पाहावे.

काही वर्षांपूर्वी एका खरेदीदारासाठी मी असेच एक विमान तपासले होते. आसनांचे चामडे नवेकोरे, लाकडावर ओरखडा नाही आणि तास वयाच्या मानाने फारच थोडे. गॅलीखालची, म्हणजे विमानातील छोट्या स्वयंपाकघराखालची, फळी उचलली, तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्टीवर पिठासारखी पांढरी पूड दिसली, आणि ती खरवडताच धातूचे पापुद्रे सुटू लागले. वर्षानुवर्षे सांडलेले पाणी आणि कॉफी तिथे झिरपत होती, तरीही मागील तपासणीच्या कागदावर त्याच जागेपुढे ‘समाधानकारक’ अशी नोंद होती. म्हणून खरेदीपूर्व तपासणी त्या विमानाची नेहमीची देखभाल करणाऱ्या कार्यशाळेत करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याच जुन्या सहीविरुद्ध लिहिणे कोणालाही जड जाते.

इंजिनांची बोअरस्कोपने, म्हणजे आत घालता येणाऱ्या बारीक दुर्बिणीने, आतून पाहणी करावीच. शिवाय ती तासाप्रमाणे पैसे भरण्याच्या देखभाल योजनेत असतील, तर थकबाकी नाही ना आणि योजना नव्या मालकाच्या नावे होईल ना, हे लेखी घ्यावे. विमानावर कोणाचा बोजा आहे का, हे त्याची नोंदणी असलेल्या देशात आणि २००१ च्या केपटाऊन करारानुसार चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतही तपासावे. पल्ल्याचा आकडाही नीट वाचावा. गल्फस्ट्रीम जी५५० चा ६,७५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटरचा, पल्ला ८ प्रवासी आणि माख ०.८०, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८० पट, वेग धरून दिलेला आहे. वेग माख ०.८५ केला की तो ६,००० सागरी मैलांवर येतो.

मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा तो लॉगबुकांना, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या व देखभालीच्या नोंदवह्यांना. लँडिंग गिअरमधील (चाके व त्यांच्या पायांच्या यंत्रणेतील) ठरावीक आयुष्याचे भाग किती सायकली वापरले गेले, हे पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींवरूनच कळते. मधल्या एखाद्या मालकाच्या काळातील पाने हरवली असतील, तर डोळ्यांना निर्दोष दिसणारा भागही टाकून द्यावा लागतो, आणि त्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो. दलाल अनेकदा विमान आधी तपासणीला घ्या, कागद मागाहून येतील, असे सांगतात. तेव्हा अनामत परत मिळण्याची मुदत विमान कार्यशाळेत आल्यापासून न मोजता सर्व मूळ नोंदी हाती पडल्यापासून मोजली जाईल, हे कलम करारात घालून घ्यावे. ते मान्य होईपर्यंत अनामत त्रयस्थाच्या खात्यातही भरू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता