बेदाण्याची थंडी आणि तुझ्या घराची ऊब

विश्रामबाग, सांगली

चि. सौ. अन्विता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि दोन्ही कोटेशने मिळाली. स्वीडनमधल्या तुमच्या घरातला जुना विजेचा बॉयलर काढून जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप बसवायचे तुम्ही दोघांनी ठरवले आहे. मशीन दोन्ही ठेकेदारांचे ८ किलोवॉटचेच आहे, मात्र एक १४० मीटर बोअर पुरेशी म्हणतो आणि दुसरा १९० मीटरच्या खाली यायला तयार नाही. तीस वर्षे बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये काढलेल्या माणसाने आयुष्यात एकही घर गरम केलेले नसले, तरी तू हा प्रश्न योग्य माणसाला विचारला आहेस, कारण तुझ्या घरात येणारे यंत्र आमच्या प्लँटमधल्या यंत्राचेच भावंड आहे.

लहानपणी तू डबा घेऊन यायचीस, तेव्हा मागच्या कंडेन्सरवरून गळणाऱ्या कोमट पाण्यात हात धरून उभी राहायचीस. आत बेदाणा चार-पाच अंशांवर झोपलेला असे आणि त्याच्यातून काढलेली उष्णता, कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेसकट, त्या पाण्यातून बाहेर पडत असे. आमचा माल थंडी आणि टाकाऊ वस्तू उष्णता. तुझ्या घरी माल उष्णता आणि टाकाऊ वस्तू थंडी, एवढाच काय तो फरक. आमच्याकडे नळीत अमोनिया होता, तुझ्याकडे दुसरे द्रव्य असेल, पण कमी दाबाखाली उकळून उष्णता शोषणे, कॉम्प्रेसरने दाब वाढवून तापमान चढवणे आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता सोडून देणे हा फेरा तोच. हे नवेही नाही. अशा यंत्राने घर तापवता येईल हे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच मांडले होते, जमिनीतून उष्णता घेण्याचे पेटंट स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोएली यांनी १९१२ मध्ये घेतले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर तुमच्या स्वीडनने त्याचा ध्यास घेतला.

बोअर कशासाठी, हे सांगताना मला हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांचीच, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोठारांचीच आठवण होते. वर वैशाख पेटलेला असो की पौषातली पहाट असो, वीस-पंचवीस फूट खाली पेवाच्या पोटात ऋतू पोहोचत नाही, म्हणूनच हळद तिथे वर्षानुवर्षे टिकत असे. (२००५ च्या पुराने त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरले, तो विषय वेगळा.) दहा-पंधरा मीटरच्या खाली जमिनीचे तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतके स्थिरावते, स्टॉकहोमच्या बाजूला ते सात-आठ अंशांच्या आसपास असते. जानेवारीत बाहेर उणे पंधरा असताना खाली अधिक आठ अंशांचे भांडार असणे ही तुझ्या यंत्राची खरी मिळकत आहे, कारण हवेतून उष्णता ओढणारा पंप नेमका ज्या रात्री सर्वांत जास्त गरज असते त्याच रात्री सर्वांत जास्त धापा टाकतो.

आता १४० की १९० याकडे येतो. १९० मीटर म्हणजे सव्वासहाशे फूट, जत भागात आपण पाहिलेल्या बोअरींएवढेच. आपल्याकडे पाणी लागले तर बोअर साधली म्हणतात. तुमच्याकडे मात्र पाणी उपसायचे नसून खडकाची उष्णता घ्यायची आहे, आणि पाण्याचे काम केवळ खडक व नळी यांच्यामधली पोकळी भरणे एवढेच आहे. वरच्या मातीत लोखंडी केसिंग घालून खडकात पक्के बसवतात, मग त्या भोकात प्लॅस्टिकची यू आकाराची नळी सोडतात आणि तिच्यातून इथेनॉल मिसळलेले, न गोठणारे पाणी फिरत राहते. पाण्याच्या पातळीच्या वरची बोअर कोरडी असते आणि ती जवळजवळ फुकट जाते. तेव्हा ठेकेदाराला पहिला प्रश्न हा विचार, की १४० हा आकडा एकूण खोलीचा आहे की पाण्याखालच्या कामी येणाऱ्या खोलीचा.

हिशेब असा आहे. ८ किलोवॉट उष्णता देताना मशीन साधारण २ किलोवॉट वीज खाईल आणि उरलेले ६ किलोवॉट खडकातून ओढेल. पाणी १२ मीटरवर लागले असे धरले, तर १४० मीटरच्या बोअरमध्ये कामाचे १२८ मीटर उरतात आणि प्रत्येक मीटरवर ४७ वॉटचा भार पडतो. १९० मध्ये तोच भार ३४ वर येतो. तुमच्याकडचा ग्रॅनाइट आणि नीस हा खडक आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा उष्णता सरस वाहून नेतो हे खरे, तरीही ४७ मला ओढाताणीचे वाटते. उथळ बोअरची गंमत अशी, की पहिल्या हिवाळ्यात ती अगदी गुणी वागते. खडकात भोवतालून उष्णता परत येण्याचा वेग मंद असल्याने दरवर्षी थोडी तूट साचत जाते, चार-पाच हिवाळ्यांनी परतीचे पाणी शून्याच्या बरेच खाली जाऊ लागते आणि मग मशीनमधली साधी विजेची कॉइल, म्हणजे आपला गिझरच, हळूच मदतीला धावून येतो. बिल वाढते, आणि दोष मात्र मशीनला लागतो. कॉम्प्रेसर पंधरा-वीस वर्षांनी बदलता येतो, बोअर त्याच्या कितीतरी पुढे टिकते आणि रिग निघून गेल्यावर तिची खोली पुन्हा वाढवायची म्हणजे सगळाच खर्च नव्याने. माझे मत स्पष्टपणे १९० च्या बाजूने आहे.

शेजाऱ्यांच्याही बोअरी असतील, तर त्या कुठे आहेत हे पाहा. दोन बोअरींत किमान २० मीटर अंतर असावे असा तिकडचा दंडक आहे, कारण दोघे एकाच भांडारातून उपसू लागले की दोघांचीही तूट वाढते. जागा कमी पडली तर बोअर तिरपी मारता येते. नगरपालिकेकडे आधी कळवावे लागते, ते ठेकेदार करील.

जावईबापूंनी मशीनच्या माहितीपत्रकातल्या विजेच्या एका युनिटला उष्णतेची साडेचार युनिटे या आकड्यावर बोट ठेवले आहे. तो आकडा फरशीखालच्या नळ्यांना ३५ अंशांचे पाणी देतानाचा असतो. तुमच्या घरात जुने रेडिएटर आहेत. त्यांना ५५ अंशांचे पाणी लागत असेल तर तेच मशीन तीनच्या आसपास येईल. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः हा धडा महागात शिकलो होतो. कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार साचले होते आणि मी साफसफाई सीझननंतर करू म्हणून पुढे ढकलली. कॉम्प्रेसरला उष्णता अधिक उंचावर चढवून टाकावी लागली, बेदाणा तेवढाच थंड राहिला, पण विजेचे बिल पाहून मालकांनी मला समोर बसवून तासभर ऐकवले. किती उष्णता हवी यापेक्षा ती किती अंशांपर्यंत चढवायची आहे, यावर वीज ठरते.

अंघोळीच्या पाण्याची तुझ्या आईला फार काळजी आहे. टाकीतले पाणी अधूनमधून ६० अंशांवर न्यावे लागते, नाहीतर लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. मशीनमध्ये ती सोय असते का, एवढे विचारून घे. शिवाय मशीन निजायच्या खोलीच्या भिंतीला लावू देऊ नका. रात्रभर कॉम्प्रेसरची घरघर ऐकत झोपायला माझ्यासारखी सवय लागते.

सही करण्यापूर्वी एक काम कर. सध्याच्या बॉयलरचे पाणी ६० वर ठेवलेले असेल तर या थंडीतच ते ५५, मग ५०, मग ४५ वर आण आणि प्रत्येक पायरीवर तीन दिवस थांबून बाहेरचे तापमान, पाण्याचे तापमान आणि बैठकीच्या खोलीतले तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहीत जा. जी खोली आधी गारठेल, तिचाच रेडिएटर मोठा करावा लागेल, सगळे नाहीत. वहीच्या पानांचे फोटो आणि पाण्याच्या पातळीविषयी ठेकेदार काय म्हणतो ते मला पाठव, म्हणजे मी इथे बसून हिशेब पुन्हा मांडीन.

तुझे
बाबा