ऑटोपे बंद करायची वाट सोपी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगोल्यात तहसील कार्यालयाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, लाडकी बहीणची ई-केवायसी ही कामं दिवसभर चालतात. हल्ली मात्र एक वेगळंच काम वाढलं आहे. माणसं पासबुक पुढे करतात, छापलेल्या एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘ताई, हे पैसं कशाचं गेलं, बघा की.’

कधी ९९, कधी १९९, कधी २९९ रुपये. रक्कम लहान असते, म्हणून कुणी पोलिसात जात नाही. सायबर फसवणुकीच्या बातम्यांत लाखांचे आकडे असतात, तिथे याला जागा मिळत नाही. पण संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळणाऱ्या बाईचे त्यातले १९९ दर महिन्याला जात असतील, तर तिच्या तेलामिठाचे पैसे गेले.

हे पैसे जातात यूपीआय ऑटोपेतून. एकदा पिन टाकून परवानगी दिली की ठरलेल्या दिवशी रक्कम आपोआप कापली जाते, अशी ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली. सोय म्हणून ती चांगली आहे. माझ्या विम्याचा हप्ता तसाच जातो आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. माझी तक्रार या सोयीबद्दल नाही. परवानगी ज्या रीतीने काढून घेतली जाते आणि ती परत घेणं जितकं अवघड करून ठेवलंय, त्याबद्दल आहे.

रील बघताना मध्येच जाहिरात येते. राशिभविष्य, दोन-दोन मिनिटांच्या भागांची मालिका, पंधरा दिवसांत इंग्रजी, घरबसल्या नोकरी. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ एवढंच मोठ्या अक्षरात. बटण दाबलं की थेट पैसे भरायचं पान उघडतं. एक रुपया म्हणून माणूस पिन टाकतो. तो पिन एका रुपयासाठी नसतो, दर महिन्याच्या कापणीची परवानगी असते. तसं त्या पानावर लिहिलेलं असतं, पण बारीक, फिकट अक्षरात आणि इंग्रजीत.

गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. वस्तीवर राहतात, डाळिंबाच्या बागेत मजुरीला जातात. लाडकी बहीणचे पैसे खात्यावर आले की लगेच त्यातले १९९ गायब व्हायचे. बँकेत गेल्या तर साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. मावशींचं म्हणणं, ‘आवं, नातवानं ते ॲप कवाच काढून टाकलंय की.’ फोन हातात घेऊन ऑटोपेचं पान उघडलं. दोन नोंदी चालू होत्या. एका नोंदीवर कमाल रक्कम १००० रुपये आणि शेवटची तारीख २०५४ सालातली. साठीच्या बाईकडून एका मालिकेच्या ॲपने २०५४ सालापर्यंतची परवानगी घेऊन ठेवली होती. आणि १९९ कापत असले तरी हजारापर्यंत कापायची मुभा त्यांनी आधीच काढून घेतलेली. ॲप फोनमधून काढून टाकल्याने यातलं काहीच रद्द होत नाही. परवानगी बँक आणि यूपीआयच्या यंत्रणेत नोंदलेली असते, ती तिथूनच काढावी लागते. हे एवढं लोकांना माहीत झालं तरी माझ्या दुकानातले निम्मे हेलपाटे वाचतील.

बंद करायला बसलो तर पडद्यावर पुन्हा पिन मागितला. मावशींनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. बरोबरच केलं त्यांनी. बचत गटाच्या बैठकीत त्यांना शिकवलंय की पिन फक्त पैसे द्यायचे असतील तरच टाकायचा, दुसऱ्या कशाला मागितला तर तो चोर समजायचा. आणि इथे कापणी थांबवायलाच पिन लागतो. आता हे माणसाला समजावायचं कसं? शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावला, तिने सांगितल्यावर मावशींनी माझ्याकडे पाठ करून पिन टाकला. ज्यांनी ही यंत्रणा बांधली त्यांनी रद्द करायच्या पानावर मोठ्या मराठी अक्षरात ‘पैसे जाणार नाहीत, कापणी बंद होईल’ एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती?

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशी कापणी होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि ती कापणी किंवा पूर्ण परवानगीच नाकारायची सोय त्याला मिळाली पाहिजे. सूचना जाते, हे मी नाकारत नाही. पण ती इंग्रजीत जाते आणि पन्नास जाहिरातींच्या संदेशांत पडून राहते. आता संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. पी असेल तर जाहिरात, एस किंवा टी असेल तर सेवा वा व्यवहार, जी असेल तर सरकारी. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगते आणि त्याचा उपयोगही होतो. पण ज्यांना इंग्रजी अक्षरच लागत नाही त्यांनी काय करायचं? खातं उघडताना अर्जावर मराठी चालते, पासबुकावर बँकेचं नाव मराठीत असतं, मग पैसे कापायची आगाऊ सूचनाच इंग्रजीत का?

खात्यात पैसे नसले तर सुटका होते असंही नाही. १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणे एका कापणीसाठी एक प्रयत्न आणि त्यानंतर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो. खातं रिकामं असलं तर कापणी हुकते, हप्ता जमा झालेला असला की बरोबर सापडते. ‘पैसं आलं की लगेच जात्यात’ असं बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आता कायद्याचं बोलते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला गोंधळात पाडणाऱ्या तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. त्यातली एक म्हणजे वर्गणीचा सापळा: रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करायचा पर्याय लपवणं, आणि मोफत वर्गणीसाठी आपोआप कापणीची परवानगी सक्तीने घेणं. म्हणजे जे रोज माझ्या टेबलावर येतं ते सरकारने दोन ओळींत अचूक लिहून ठेवलेलं आहे. मोफतऐवजी एक रुपया घेतला की आपण या व्याख्येतून सुटलो, असं या ॲपवाल्यांना वाटत असावं. ही पळवाट बुजवली पाहिजे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचीच तपासणी करायला सांगितलं. ज्याने सापळा लावला त्यानेच तो तपासावा, यातून काय निघणार?

एका ॲपवरचं रद्द करायचं पान मी नीट बघितलं. ‘चालू ठेवा’ हे बटण पिवळंधमक, पडदाभर रुंद. ‘तरीही रद्द करा’ खाली राखाडी अक्षरात, बटणासारखं दिसतच नाही. ते दाबलं की कारण विचारतात. कारण दिलं की निम्म्या किमतीत चालू ठेवायची विनवणी. ती नाकारली की पुन्हा ‘तुमची प्रगती वाया जाईल’ असा इशारा. प्रत्येक पानावर मोठं बटण परत मागे नेणारं. डोळ्याला चष्मा लागलेला, बोट खरबरीत असलेला माणूस दुसऱ्या पानावरच कंटाळतो, आणि त्यांना तेच हवं असतं.

माझी भाची जर्मनीत शिकायला आहे. तिने सांगितलं की तिकडे जुलै २०२२ पासून कायदाच आहे: संकेतस्थळावर वर्गणी घेता येत असेल तर तिथेच ती रद्द करायचं स्पष्ट बटणही द्यावं लागतं. आपल्याकडे यूपीआयसारखी यंत्रणा उभी करणाऱ्यांना एक बटण सक्तीचं करणं जड जाऊ नये.

तोपर्यंत लोकांनी काय करावं, तर पहिलं म्हणजे आपल्या यूपीआय ॲपमध्ये वर कोपऱ्यात आपला फोटो किंवा नावाचं अक्षर असतं, त्यावर दाबावं. तिथे ऑटोपे नावाचा पर्याय सापडतो. त्यात चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी दिसते. ओळखीची नसलेली नोंद उघडून ती रद्द करावी. नुसती थोड्या दिवसांसाठी थांबवू नये, नाहीतर ती पुन्हा सुरू होते. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर प्रत्येकात बघावं, कारण पिन कुठल्या ॲपमधून टाकला होता ते माणसाला आठवत नाही. शिवाय प्ले स्टोअरमध्येही आपल्या फोटोवर दाबून वर्गणींची यादी तपासावी लागते. ती वेगळी असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. एक रुपयाची चाचणी घेतलीच असेल तर सातवा दिवस उजाडायची वाट बघू नये, त्याच दिवशी रद्द करून टाकावं.

दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं. सरकारी योजनेचे पैसे ज्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्या खात्याला यूपीआय लावूच नये. दुसरं एखादं खातं असेल तर त्यात लागतील तेवढेच पाचशे-हजार ठेवावेत आणि फोन त्या खात्याला जोडावा. मी हे आमच्या गल्लीतल्या बायकांना करून दिलं. रील बघणं थांबलं नाही, कापणी मात्र हप्त्यापर्यंत पोचत नाही.

पैसे परत मागायचे असतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पासबुकातली नोंद, जाहिरातीचा आणि रद्द करायच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा. रद्द करूनही पैसे गेले तर आधी बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. १९३० हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठी आहे, कुणी आपल्या नकळत खातं साफ केलं तर तासाभराच्या आत तिथे फोन करावा. ऑटोपेच्या बाबतीत पिन आपणच टाकलेला असल्याने तिथे आणि पोलिसात फारसं काही होत नाही. नकळत झालेला व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला, आणि चूक आपली नसली, तर ग्राहकावर भार येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. त्याचा आधारही इथे मिळत नाही. म्हणून तर वर्गणीच्या सापळ्यासाठी वेगळी आणि कडक कारवाई हवी. आणि हो, कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधून फोन करू नये. तिथे भामट्यांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात आणि १९९ सोडवायला गेलेला माणूस वीस हजार घालवून येतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कापणीच्या आदल्या दिवशीची सूचना ग्राहकाच्या भाषेत यावी आणि त्यातच थांबवायचा पर्याय असावा. पिन टाकायच्या पानावर ‘दर महिन्याला इतके रुपये, या तारखेपर्यंत’ हे एक रुपयापेक्षा मोठ्या अक्षरात दिसावं. करमणुकीच्या नि भविष्याच्या ॲपला एका वेळी वर्षभरापेक्षा जास्त परवानगी मिळूच नये, वर्ष संपलं की पुन्हा विचारावं. १९९ च्या वर्गणीसाठी हजाराची मुभा घेता येऊ नये.

आपल्या राज्याला ग्राहक चळवळ नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता, तो १९८६ साली आला. त्या पिढीने दुकानदाराचं माप तपासायला शिकवलं. आज गावोगावच्या ग्राहक संघटनांनी हा ऑटोपेचा प्रश्न हातात घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण एकट्या बाईच्या १९९ रुपयांसाठी कुणी दाद देत नाही, पण शंभर पासबुकं एकत्र नेली तर द्यावीच लागेल.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. तहसील कार्यालयात कार्यक्रम होतो, वजनमापं, गॅस सिलिंडर, पाकिटावरची तारीख यांवर भाषणं होतात आणि ती व्हायलाच हवीत. यंदा तहसीलदार साहेबांनी बँकेच्या एका अधिकाऱ्यालाही बोलवावं. बचत गटाच्या बायकांना, निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना फोन घेऊन यायला सांगावं, आणि सगळ्यांनी तिथेच बसून आपापली ऑटोपेची यादी उघडावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी बसायला आम्ही ऑनलाइन सेवेचे दुकानदार येऊ; त्या दिवशी सकाळपुरतं दुकान बंद ठेवायची माझी तयारी आहे, आणखी दोघातिघांशी मी बोललेही आहे.

आपली नियमित वाचक,
सांगोला, जि. सोलापूर