लेबलवर नसलेली तारीख

पुणे, शनिवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

मामांच्या जॅझ रेकॉर्ड्सची तुझी यादी मिळाली. दोन खोक्यांत मिळून अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) ३८ तबकड्या आणि ५५ एलपी म्हणजे चांगलाच ऐवज आहे, वर्षभर पुरेल. फक्त ती यादी तू कलाकारांच्या नावांनी अकारविल्हे लावली आहेस, ती आधी मोड. जॅझ समजून घ्यायचं तर रेकॉर्डिंग झालं त्या तारखेनुसार लाव. रेकॉर्ड बाजारात कधी आली, ते साल या कामी फसवतं. तुझ्याच यादीतलं उदाहरण घे. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं 'बर्थ ऑफ द कूल' तू १९५७ खाली टाकलं आहेस. एलपी १९५७ ची खरी, पण आतलं संगीत जानेवारी १९४९ ते मार्च १९५० या काळातल्या तीन बैठकांचं. नऊ जणांचा तो मऊ, दबका आवाज सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या झंझावातामागोमाग लगेच आला होता. १९५७ च्या कप्प्यात गेला की त्याचं कोडंच होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या लेबलवर तारीख छापलेली नसते. लेबलवरचा ठळक आकडा कॅटलॉगचा, दुकानदाराच्या सोयीचा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर तिरका उजेड पाड, तिथे आणखी एक आकडा कोरलेला दिसेल. तो मॅट्रिक्स, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा क्रमांक. त्याच्या शेवटी अक्षर किंवा बारका अंक असेल तर तो टेक, म्हणजे त्याच तुकड्याचा कितवा प्रयत्न ते. लेबल पार्लोफोनचं असलं तरी मॅट्रिक्स बऱ्याचदा मूळच्या अमेरिकन ओके कंपनीचाच असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची मोठी सूची इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. तिथे मॅट्रिक्स टाकलास की तारीख, गाव आणि बहुतेक वेळा वादकांची नावंही मिळतात. ती एका वहीत उतरव. नावापुढे वाद्य लिहायला विसरू नकोस. दहा पानं झाली की कोण कुणाकडून फुटून कुठे गेला, ते आपोआप दिसायला लागेल.

आता वाजवण्याआधी धुणं. रत्नागिरीच्या हवेत खोकी पडून होती म्हणजे बुरशी असणारच. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तेव्हा त्यांना स्पिरिट, आयसोप्रोपिल, दुकानात मिळणारे 'रेकॉर्ड क्लीनर' यांतलं काही लावू नकोस. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, आणि हात गोल, रेघांच्या दिशेने. लेबल कोरडं ठेव. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभं करून सावलीत वाळव. उन्हात ठेवलीस तर पापड होईल. एलपी विनाइलच्या, त्यांना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं.

सुईचं तर फारच जपायला हवं. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची, अठ्ठ्याहत्तरला ७५ च्या आसपासची लागते. बारीक सुई लाखेच्या रुंद रेघेत तळाशी जाऊन बसते, तिथे असते नुसती धूळ आणि जुन्या सुयांनी कुरतडलेला चुरा. म्हणून "खरखर फार आहे" असं वाटतं. कार्ट्रिजसाठी (सुई बसते तो भाग) अठ्ठ्याहत्तरची वेगळी सुई घे आणि वजन कार्ट्रिजच्या माहितीपत्रकाप्रमाणे लाव, साधारण ३ ते ५ ग्रॅम. मामांचा चावीचा ग्रामोफोन चालत असला तरी त्यावर एलपी चुकूनही नको. अठ्ठ्याहत्तर लावायचीच असेल तर दर बाजूला नवी पोलादी सुई.

तुझ्या प्लेअरला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून कॉम्प्युटरवर घे आणि वेग १.७३३ पट कर. दुसरं, १९५४ नंतर सगळ्या कंपन्या हळूहळू एकाच आरआयएए वळणावर (रेकॉर्ड करताना वरचे स्वर किती चढवायचे, खर्ज किती उतरवायचा, त्याच्या ठरलेल्या मापावर) आल्या, आणि तुझा अँप्लिफायर तेच वळण गृहीत धरतो. वरचे स्वर तो खाली दाबतो. १९२३ च्या तबकडीत ते मुळात चढवलेलेच नव्हते, त्यामुळे आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ट्रेबल मोकळेपणाने वाढव.

तिसरी गंमत वेगाची. त्या काळी ७८ हा आकडा नावालाच होता. कॉर्नेट (ट्रंपेटचा आखूड भाऊ) आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटच्या जातीची वाद्यं, त्यामुळे जुने जॅझ बँड बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, ए-फ्लॅट अशा पट्ट्यांत रमतात. पेटी जवळ घे. तबकडी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी वाजत असेल तर वेग चुकलाय. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे सुमारे ६ टक्के, ७८ चे ७३.६ किंवा ८२.६.

ऐकायला सुरुवात कुठून? 'पहिली जॅझ रेकॉर्ड' म्हणून ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची २६ फेब्रुवारी १९१७ ची व्हिक्टर कंपनीची तबकडी सगळे दाखवतात. न्यू ऑर्लिन्सचे पाच गोरे वादक, मधे कोंबडा-घोड्याचे आवाज. एकदा ऐक आणि पुढे हो. खरा मुक्काम एप्रिल १९२३, इंडियाना राज्यातलं रिचमंड, जेनेट कंपनीचा स्टुडिओ. स्टार पियानोच्या कारखान्यातच तो होता आणि शेजारून रेल्वे जायची. गाडी आली की काम थांबायचं. किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड, दुसऱ्या कॉर्नेटवर २१ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन.

मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहायचं, त्या आवाजाने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ कापायची. मोठा ढोल वाजला की सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सच्या हातात लाकडी ठोकळे दिले. बिल जॉन्सन मूळचा बास वाजवणारा, त्याला बँजो दिला. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा की त्याला बारा-पंधरा फूट मागे उभं केलं, असं लिल हार्डिनने सांगून ठेवलंय. हे माहीत नसेल तर "१९२३ च्या जॅझमध्ये ढोल-बास नव्हतेच" असा भलताच निष्कर्ष निघतो. कर्ण्याला झेपलं तेवढंच तबकडीत उतरलं.

'डिपरमाउथ ब्लूज' लाव. १२ बारचं चक्र पुन्हा पुन्हा फिरतं (बार म्हणजे चार मात्रांचा खंड). त्याला ते कोरस म्हणतात, आपण आवर्तनच समज. डॉड्सचा भाऊ जॉनी क्लॅरिनेटवर दोन आवर्तनं घेतो, मग ऑलिव्हर तीन. भोंग्याचं तोंड झाकत-उघडत तो 'वा-वा' करतो, एकाच दोन-तीन स्वरांच्या गटाला पिळतो आणि हलू देत नाही. नंतरच्या कित्येक ट्रंपेटवाल्यांनी ही तीन आवर्तनं जशीच्या तशी पाठ केली. मागे दुसऱ्या कॉर्नेटचं अस्तर ऐकू येतं का बघ. नाही आलं तर हेडफोन लाव.

१९२५ पासून मायक्रोफोन आला आणि चित्र पालटलं. २८ जून १९२८, शिकागो, ओके कंपनी, 'वेस्ट एंड ब्लूज'. पहिली बारा-तेरा सेकंद आर्मस्ट्राँग एकटा, साथ नाही, ताल नाही. आधी वर चढतो आणि मग लय सोडून जिन्यावरून उतरतो. मग ट्रॉम्बोन, मग क्लॅरिनेटशी शब्दांविना गळ्याने सवाल-जबाब, मग अर्ल हाइन्सचा पियानो. शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग वरच्या बी-फ्लॅटवर चार बार नुसता थांबतो. सव्वातीन मिनिटांत सगळं आटोपतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी अशाच एका बाजूत बसली आहे, त्यामुळे ही काटकसर आपल्या कानाला नवी नाही. जॅझवाल्यांची घडण मात्र बराच काळ या तीन मिनिटांच्या मापानेच झाली.

ड्यूक एलिंग्टनची 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' तीन कंपन्यांसाठी १९२७ मध्येच तीनदा झाली, एप्रिलमध्ये ब्रन्सविक, ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर, नोव्हेंबरमध्ये ओके. ब्रन्सविकवर बँडचं नाव 'द वॉशिंग्टोनियन्स', त्यामुळे लेबल पाहून फसशील. ओकेवर बबर मायलीऐवजी जॅबो स्मिथ आहे. तिन्ही लागोपाठ लाव. मायलीचा गुरगुरणारा ट्रंपेट म्हणजे आत एक लहान म्यूट (आवाज दाबणारं बूच), बाहेर मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप आणि घशातून खरखर. स्मिथ तेच गोडीने करू बघतो, आणि तुकड्याचा स्वभावच बदलतो.

तुझ्याकडे एर्स्किन टेटच्या व्हेंडोम ऑर्केस्ट्राची मे १९२६ ची बाजू आली तर सोडू नकोस. आर्मस्ट्राँग त्यात आहेच, पण पियानोवर टेडी वेदरफर्ड आहे. हाच माणूस पुढे आशियात आला, मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. मुंबईच्या गोवेकर वादकांनी जॅझ रेकॉर्डवरून उचललं तसं अशा माणसांकडूनही उचललं. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांकडे गेला. 'अलबेला'तले ट्रंपेट ऐकताना ते लक्षात ठेव.

१९३० च्या दशकातल्या नाचगाण्याच्या बँडवर मी फार वेळ घालवणार नाही. काउंट बेसीचा छोटा गट (९ नोव्हेंबर १९३६, 'लेडी बी गुड') सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या पहिल्या बैठकीसाठी, आणि दुसरा सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल' (११ ऑक्टोबर १९३९), एवढं पुरे. हॉकिन्स पहिल्या काही बारनंतर मूळ चाल सोडतो आणि दोन आवर्तनं नुसती बढत करतो. तरी ती रेकॉर्ड धडाक्याने खपली.

आता भोक. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादक संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. डेक्का १९४३ च्या शरदात तडजोडीला आली, कोलंबिया आणि व्हिक्टर थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये. त्यात लाखेचीही टंचाई. लाख जायची आपल्याकडून, पळस-कुसुमाच्या झाडांवरची, आणि युद्धात तो पुरवठा आटला. बीबॉप, म्हणजे पार्करच्या पिढीचा वेगवान नवा जॅझ, न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये नेमका याच काळात पिकत होता. अर्ल हाइन्सच्या १९४३ च्या बँडमध्ये पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी दोघं होते, आणि त्या बँडची एकही स्टुडिओ रेकॉर्ड नाही. म्हणून तुझ्या कपाटात १९४२ वरून १९४५ वर आलास की मधला जिना गायब वाटेल. वहीत दोन पानं कोरी सोड.

तुझा सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. यादीत 'को-को' दोनदा आलंय आणि एक 'डुप्लिकेट' म्हणून खोडलंयस. दोन्ही ठेव. एक एलिंग्टनचं, ६ मार्च १९४०, मंद्र सॅक्सोफोनपासून चढत जाणारं ब्लूज. दुसरं पार्करचं, सॅव्हॉय कंपनी, २६ नोव्हेंबर १९४५. नाव सोडलं तर दोघांत काही समान नाही. पार्करने 'चेरोकी' या गाण्याची स्वरसंगती उचलून मूळ चाल टाकून दिली. चालीचे पैसे द्यावे लागतात, स्वरसंगतीचे नाहीत. पहिल्या टेकमध्ये ते सवयीने 'चेरोकी'ची चाल धरतात आणि मधेच थांबवले जातात; तो तुकडा सीडीवर मिळतो. नंतरच्या टेकमध्ये सुरुवातीला फक्त ब्रशने वाजणारा ड्रम, वर ट्रंपेट आणि सॅक्स, मग पार्करची ६४ बारची दोन आवर्तनं, मिनिटाला ३०० च्या आसपास मात्रा. पहिल्यांदा काहीच कळणार नाही. प्रत्येक ६४ बारची सुरुवात, म्हणजे सम, पकडायची एवढंच ठरव. सीडीच्या संचात सगळे टेक सलग ठेवतात, त्याने कान शिणतो. आधी मूळ प्रकाशित झालेला टेक, बाकीचे महिनाभराने.

जून १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटं मिळाली. इथे छपाई तपासायची. ६० च्या दशकात जुन्या मोनो रेकॉर्ड्स 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' म्हणून पुन्हा काढल्या, खर्ज एकीकडे, वरचे स्वर दुसरीकडे, वर घुमारा. कव्हरवर तसं लिहिलं असेल तर मोनोचं बटण दाब. ब्लू नोट कंपनीच्या एलपीत गुळगुळीत पट्टीवर रेकॉर्डिंग करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' खूण शोध. हा माणूस दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि जुलै १९५९ पर्यंत आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. जवळच कानासारखी एक खूण असेल तर छपाई १९६६ पर्यंतची.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची तुझी प्रत जुनी दिसते. २ मार्च १९५९ ला, म्हणजे पहिल्या बाजूच्या वेळी, मुख्य टेप यंत्र हळू चालत होतं, त्यामुळे त्या बाजूचे तिन्ही तुकडे जवळजवळ पाव स्वर चढे वाजतात. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते सुधारलं. पेटीवर 'सो व्हॉट' धरून बघ. डी हा षड्ज मानला तर सरळ काफी थाट आहे, १६ बार तिथे, ८ बार अर्धा स्वर वर, मग ८ बार परत. जुन्या प्रतीत तुझी पेटी लागणारच नाही, आणि दोष पेटीचा नसेल.

शेवटचं, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन', इम्पल्स कंपनीचा क्रमांक ए-९५, रेकॉर्डिंग २८ जून १९६५. आधी एक टेक बाजारात गेला, मग कोल्ट्रेनला दुसरा पसंत पडला आणि त्याच क्रमांकावर, त्याच कव्हरमध्ये तो छापू लागले. बाहेरून फरक दिसत नाही. पहिल्या बाजूच्या गुळगुळीत पट्टीवर 'एडिशन २' असं रोमन अंकात कोरलेलं असेल तर दुसरा टेक. भिंगाने बघ आणि पट्टीवर जे काही दिसेल ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. ती प्रत मात्र अजून धुऊ नकोस, लेबलची कड सुटलीय असं तू लिहिलं आहेस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शेखर